क्षणभराची फट : आभासी संगणकांच्या व्यवस्थेतील एक चकवा देणारा दोष

एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालवण्याचे काम लिनक्समध्ये ‘केव्हीएम’ करते. फेब्रुवारी २००७ मध्ये ते लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत दाखल झाले. त्याच्या कामात एक चूक झाली, तर यजमान संगणकासह त्यावरील सगळे आभासी संगणक कोसळू शकतात. अशा चुकांमधला सर्वांत चिवट प्रकार ‘प्रीएम्प्शन’शी निगडित आहे.

प्रीएम्प्शन म्हणजे चालू काम अर्ध्यावर थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कामाला देणे. थांबलेले काम पुन्हा त्याच प्रोसेसरवर सुरू होईल, अशी हमी नसते. समजा, केव्हीएमने ‘आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत?’ असे विचारले आणि ‘तिसऱ्या’ असे उत्तर मिळाले. तेवढ्यात काम पाचव्यावर गेले, तरी पुढचा व्यवहार तिसऱ्याच्याच नोंदींवर होतो. उठवून दुसऱ्या टेबलावर बसवलेल्या कारकुनाने समोरची वही आपलीच समजून आकडे लिहावेत, तसे हे घडते. इंटेलच्या प्रोसेसरवर तर आभासी प्रोसेसरची स्थिती ज्या ‘व्हीएमसीएस’ खंडात असते, तो एका वेळी एकाच प्रोसेसरवर सक्रिय असावा लागतो. दुसरीकडे नेण्यापूर्वी तो रीतसर मोकळा करावा लागतो. आणि ही फट दोन सूचनांमधली असल्याने चाचणी हजारदा निर्वेध पार पडते.

आरंभीचा उपाय सरळ होता : आभासी प्रोसेसरची स्थिती चढवल्यापासून उतरवेपर्यंत प्रीएम्प्शन बंद. तो निर्धोक, पण महाग. त्या काळात कशाचीही वाट पाहत थांबता येत नसे आणि इतर कामे खोळंबत. २००७ मध्येच, २.६.२३ या आवृत्तीत, काम काढून घेताना व परत देताना केव्हीएमला सूचना देण्याची सोय झाली. स्थिती उतरवणे-चढवणे तेव्हाच उरकते आणि बंदी शेवटच्या टप्प्यापुरती पुरते.

त्या टप्प्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी प्रीएम्प्शन बंद, मग इंटरप्ट बंद आणि त्यानंतरच ‘काही निकड आली आहे का’ ही अखेरची तपासणी. निकड असेल तर माघार, नसेल तर आभासी संगणकात प्रवेश. तपासणी आधी केली, तर मधल्या क्षणी आलेली निकड नजरेआड होते. बंदीनंतर आलेला इंटरप्ट मात्र हरवत नाही. तो थांबून राहतो आणि प्रवेश होताच प्रोसेसरला बाहेर खेचतो.

प्रीएम्प्शन चालू असताना प्रोसेसरचा क्रमांक विचारल्यास इशारा देणारी तपासव्यवस्था लिनक्समध्ये आहे. बंदीत विचारलेला क्रमांक बंदी उठल्यावर वापरला, तर ती गप्पच राहते. ते माणसालाच वाचून शोधावे लागते.