खोलण्याची पुस्तिका

1957 साली बाजारात आलेली लोटस सेव्हन ही स्पोर्ट्स कार इंग्लंडमध्ये दोन भावांत मिळायची. कारखान्यात जोडलेली, किल्ली फिरवली की चालू, अशी हवी असेल तर 1036 पौंड. तीच गाडी सुट्ट्या भागांत, खोक्यांत भरून चालणार असेल तर 536. नुसत्या मजुरीने एवढा फरक पडत नाही. मधले बहुतेक पैसे सरकारचे होते. तयार गाडीवर तेव्हा जबर खरेदी कर असायचा आणि सुट्ट्या भागांवर तो लागत नसे. सरकारही अगदीच भोळं नव्हतं. कर वाचवायचा तर गिऱ्हाइकाने गाडी स्वतः जोडायची आणि कंपनीने जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत, अशी अट होती.

लोटसवाल्यांनी नियम नीट वाचला. जोडायच्या सूचना चालत नाहीत ना? मग त्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जायचं, की झाली गाडी तयार!

इतक्या खोडसाळपणे जन्मलेली ही गाडी आजही नवी कोरी मिळते. लोटसने ती कधीच सोडून दिली, तरीही मिळते. शिवाय तिच्या नकला जगभर इतक्या झाल्या, की नक्कल कुठे सुरू होते हे सांगणंच कठीण व्हावं.

लोटसचा कर्ता कॉलिन चॅपमन स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकलेला होता. 1948 मध्ये त्याने पहिली गाडी केली ती एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर, प्लायवूडची बॉडी चढवून. म्हणजे त्याची सुरुवातच दुसऱ्याच्या गाडीची मोडतोड करून झाली होती, हे नकलांवर नाक मुरडणाऱ्यांनी जरा ध्यानात ठेवावं.

सेव्हनचं बॉनेट काढून आत डोकावलं, की चॅपमनचं शिक्षण दिसतं. चार नळ्यांचा चौकोन करून एका कोपऱ्यावर जोर दिला तर तो तिरका होतो. त्यात एक आडवी-तिरपी नळी टाकून दोन त्रिकोण केले, की कितीही रेटा, आकार बदलत नाही. नळ्या फक्त ताणल्या जातात किंवा दाबल्या जातात, आणि नुसता ताण-दाब सोसायला बारीक नळीही पुरते. सेव्हनची चासी अशा त्रिकोणांची बनलेली आहे. तिच्यावर रिव्हेट मारून बसवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा नुसता झाकण्यासाठी नाही, चासी ताठ ठेवायला तोही हातभार लावतो. रेल्वेचा लोखंडी पूल ज्या गणितावर उभा असतो, त्याच गणितावर दोन माणसं जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून वळणं घेत असतात.

पहिल्या सेव्हनचं इंजिन काय होतं? फोर्डचं 1172 सीसीचं, साधं, जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं. तरीही गाडी पळायची, कारण ओढायला वजनच नव्हतं. गाड्यांच्या जगात वजनाला वजन चिकटतं. मोठं इंजिन घातलं की ते पेलायला जाड चासी लागते, गाडी थांबवायला मोठे ब्रेक, ते सगळं तोलायला रुंद टायर, आणि मग हे ओढायला पुन्हा आणखी मोठं इंजिन. चॅपमनने हे चक्र उलटं फिरवलं. ताकद वाढवली तर सरळ रस्त्यावर फायदा होतो. वजन कमी केलं तर वेग घेताना, ब्रेक मारताना, वळताना, सगळीकडेच होतो.

मालक लोक या गाडीवर एवढे का जीव टाकतात, तेही यातूनच कळतं. बसायची जागा मागच्या चाकांच्या अगदी पुढे. समोर लांब बॉनेट आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, उघड्यावर, वळणारी पुढची चाकं. रस्त्यावरचा खडा चाकाला कुठे लागला ते आधी दिसतं, मग स्टेअरिंगमधून हाताला कळतं. ताशी 60 किलोमीटरला जो थरार मिळतो, त्यासाठी आजच्या जाडजूड स्पोर्ट्स कारला लायसन्स जाईल इतका वेग गाठावा लागतो. बाकी सोयींच्या नावाने आनंदच. हवा कापण्याच्या बाबतीत ही गाडी पार अडाणी आहे, कापडी छत घालेपर्यंत माणूस भिजून निघतो आणि सामानाची जागा म्हणजे थट्टा. एअरबॅगचं तर नावच काढू नका.

1973 मध्ये ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि सुट्ट्या भागांची करसवलत संपली. चॅपमनलाही तोवर मोठ्या, महागड्या गाड्यांची ओढ लागली होती. सेव्हनचे हक्क सरे परगण्यातल्या केटरहॅम कार्सच्या ग्रॅहम निअर्नने घेतले. लोटसची शेवटची आवृत्ती फायबरग्लासची होती. निअर्नने आधी तीच चालवून पाहिली आणि 1974 मध्ये शहाणपणाने तिच्या आधीच्या, पत्र्याच्या आवृत्तीकडे परतला. मग दुसऱ्यांनीही तसल्याच गाड्या काढल्या. त्यांतल्या वेस्टफील्डची गाडी इतकी हुबेहूब होती, की केटरहॅमने कोर्टाची पायरी चढली. शेवटी तडजोड झाली आणि वेस्टफील्डला आपल्या गाडीचा चेहरा बदलावा लागला.

नकलेचा दुसरा प्रकार बघा. फेरारी 250 जीटीओ फक्त 36 बनल्या. 2018 मध्ये त्यातली एक लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरना गेली. तिची नक्कल करणारा तिच्यासारखं दिसणं उसनं घेतो, आतलं यंत्र सहसा वेगळंच असतं. सेव्हनचं तसं नाही. ती मुळातच फोर्डच्या बाजारू भागांवर उभी होती आणि कोणीतरी आपल्या गॅरेजमध्ये पाना घेऊन जोडावी, यासाठीच विकली जात होती. तिची मनापासून केलेली नक्कल मला तरी खोटी वाटत नाही.

याचा कळस रॉन चॅम्पियन या इंग्लंडमधल्या शिक्षकाने गाठला. 1996 मध्ये त्याचं पुस्तक आलं. विषय असा, की 250 पौंडांत आपली स्पोर्ट्स कार आपणच कशी बांधावी. गोल नळ्यांऐवजी इंचभराच्या चौकोनी नळ्या, कारण त्या कापायला आणि वेल्डिंगला सोप्या. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचे. लोक या गाड्यांना ‘लोकॉस्ट’ म्हणू लागले आणि त्यांच्या शर्यतीही सुरू झाल्या. त्या भरवणारा 750 मोटर क्लब तोच, ज्याच्या शर्यतींत चॅपमन उमेदवारीच्या काळात उतरला होता.

हा वंश आपल्या कोकणापर्यंतही आला. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या घडणीची रोडस्टर बनवली. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन इसुझूचं 1.8 लिटरचं, कॉन्टेसा गाडीमुळे आपल्या मेकॅनिकांच्या ओळखीचं झालेलं. पण इंग्लंडसारखी घरोघरची लोकॉस्ट इथे उगवली नाही. तिथे एकट्या-दुकट्या घरगुती गाडीची तपासणी करून तिला नंबर देण्याची सोय आहे. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून अख्खा नमुनाच मंजूर करून घ्यावा लागतो. आपला 2021 चा नियम पन्नास वर्षांवरच्या गाडीला मानाची ‘व्हीए’ नंबरप्लेट देतो, पण चासी-बॉडीत मोठा बदल केलेला नसेल तरच. अस्सल जुन्याचा मान आपण ठेवला, हौसेने नव्याने बांधलेल्यासाठी मात्र अजून रकाना नाही.

केटरहॅमच्या सगळ्यात छोट्या सेव्हनचं नाव 170. तिच्यात सुझुकीचं तीन सिलिंडरचं, टर्बो लावलेलं 660 सीसीचं इंजिन बसतं. आपल्या मारुती 800 पेक्षाही लहान. त्यातून 84 हॉर्सपॉवर निघते आणि गाडीचं वजन सुमारे 440 किलो, म्हणजे मारुतीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. हीच कंपनी 620 नावाची तीनशेहून जास्त हॉर्सपॉवरची सेव्हनही विकते. ती नुसती पाहूनच माझी हौस फिटते. मला द्यायचीच असेल तर 170 द्या, तीही खोक्यांत. जोडायला ऐंशी ते शंभर तास लागतात, असं कंपनी सांगते. सूचना आता सरळ मिळतात. फक्त एक पथ्य: पायाशी पेडल इतकी जवळजवळ असतात, की जाड बुटाने ब्रेक दाबायला गेलं तर अॅक्सिलरेटरही दाबला जातो. म्हणून पातळ तळव्यांचे, अरुंद बूट आधी घेऊन ठेवायचे, गाडी मागून आली तरी चालेल.