इंचभर कागदावरचा पार्थेनॉन

6 एप्रिल 1896 रोजी अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिकचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी ग्रीसच्या टपाल खात्यानं 12 तिकिटांची मालिका विक्रीला काढली. ग्रीसमध्ये तेव्हा जुलियन पंचांग चालत असे, त्यामुळे तिथल्या लोकांच्या लेखी तो दिवस होता 25 मार्च, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा स्मरणदिन. जगातली ही पहिली ऑलिंपिक तिकिटं. ती निघाली त्यामागे हौस होती, तशी निकडही होती. 1893 मध्ये ग्रीसनं दिवाळखोरी जाहीर केली होती आणि खेळांसाठी मैदानं उभारायला पैसा नव्हता. तिकिटं काढून विकावीत, ही कल्पना तिथल्या तिकीटसंग्राहकांनी पुढे आणली आणि त्या विक्रीतून खर्चाचा एक भाग खरोखरच भागला.

त्याआधीची 35 वर्षं ग्रीक तिकिटांवर एकच चित्र येत होतं, हर्मीस या देवाचं मस्तक. दगडी वास्तू प्रथम दिसली ती या मालिकेत. चित्रं काढली एमील जिलिएरॉन या स्विस चित्रकारानं आणि ठसे कोरले पॅरिसच्या यूजीन मूशाँनं. 1 द्राख्माच्या तिकिटावर पॅनाथेनाइक स्टेडियम आहे आणि त्याच्यामागे अक्रोपोलिसची टेकडी. हे स्टेडियम इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हेरोडेस अॅटिकसनं संगमरवरानं मढवलं होतं. पुढे ते मातीखाली गेलं आणि 1896 च्या खेळांसाठी गिऑर्गिओस अॅव्हेरॉफ या धनिकाच्या देणगीतून पुन्हा उभं राहिलं. मालिकेतलं सगळ्यात महाग तिकीट मात्र 10 द्राख्माचं, आणि त्यावर अक्रोपोलिस व पार्थेनॉन. सगळ्यात मोठी किंमत या देवळाला द्यावी, यात मला त्या देशाचं मन स्पष्ट दिसतं. पुढे 1900-01 च्या सुमारास कमी किमतीच्या तिकिटांचा तुटवडा पडला, तेव्हा याच तिकिटावर नवी किंमत छापून ते 2 द्राख्मांना विकायची वेळ आली. संग्राहक ही दोन्ही तिकिटं शेजारीशेजारी लावतात.

पार्थेनॉन इ.स.पू. 447 ते 432 या काळात बांधलं गेलं. वास्तुविशारद इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस, शिल्पांवर देखरेख फिडियासची. दर्शनी बाजूला 8 खांब, लांबीच्या बाजूला 17, सगळे डोरिक. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्यानं आतला दारूसाठा उडाला आणि देवळाचा मधला भाग कोसळला. तिकिटांवर आपण पाहतो ते या स्फोटातून वाचलेलं पार्थेनॉन.

अशी तिकिटं पाहताना खांबाचं डोकं आधी पाहावं. डोरिक खांबाला वर फक्त साधी गोल उशी आणि तिच्यावर चौकोनी फरशी असते. ग्रीक डोरिक खांबाला तळखडाही नसतो. आयोनिक खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळ्या असतात. कोरिंथियन खांबावर अकॅन्थस या झाडाच्या पानांचा गुच्छ कोरलेला असतो, आणि रोमनांना हाच प्रकार फार प्रिय होता. मुंबईकरांना डोरिक खांब बघायला लांब जायला नको. एशियाटिक सोसायटी जिथे आहे त्या 1833 च्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढताना समोर तेच खांब उभे असतात.

या वास्तू तिकिटावर इतक्या खुलतात याचं कारण छपाईत आहे, असं माझं मत आहे. जुन्या पद्धतीत कोरक्या पोलादाच्या तुकड्यावर तिकिटाएवढंच चित्र उलटं कोरायचा. कोरलेल्या रेषेत शाई भरायची आणि दाबाखाली कागद ती शाई उचलायचा. या तंत्रात रंगाचे सपाट पट्टे नसतात, सगळा खेळ रेषांचा. सावली हवी असेल तर रेषा जवळ आणायच्या, उजेड हवा असेल तर लांब न्यायच्या. ग्रीक खांबावर मुळातच उभ्या पन्हळी खोदलेल्या असतात, त्या त्याच कामासाठी: उन्हात प्रत्येक पन्हळीत बारीक सावली पडते आणि खांबाचा गोलवा डोळ्यांना जाणवतो. शिल्पकारानं दगडात जे केलं तेच कोरक्या पोलादात करतो. अशा तिकिटावरून बोटाचं टोक हलकेच फिरवलं तर शाईचे उंचवटे लागतात.

या कोरीवकामाचा माझ्या लेखी सर्वांत देखणा नमुना म्हणजे फ्रान्सचं 1929 चं 20 फ्रँकचं तिकीट. त्यावर पाँ दु गार आहे. हा पूल खरं तर पाण्याचा पाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमनांनी नीम शहराला पाणी नेण्यासाठी सुमारे 50 किलोमीटरचा कालवा बांधला आणि वाटेत गार्दों नदी आडवी आली तिथे कमानींचे तीन मजले चढवले. उंची जवळपास 49 मीटर. खालच्या दोन मजल्यांचे दगड चुन्याशिवाय, नुसत्या घडाईवर बसवलेले आहेत. भिंगाखाली धरलं की खालच्या रुंद कमानी, मधल्या कमानी आणि वरच्या छोट्या कमानींची रांग एकावर एक चढत जाताना दिसते. ग्रीकांचं बांधकाम खांब आणि आडव्या तुळईचं, रोमनांचं कमानीचं. हा फरक पुस्तकाची चार पानं वाचून जेवढा कळतो, तेवढा हे तिकीट आणि पार्थेनॉनचं तिकीट एकत्र पाहून कळतो.

आता रोमकडे. 1960 च्या ऑलिंपिकआधी, 1959 मध्ये इटलीनं पाच तिकिटं काढली. त्यांवर खेळाडू नाहीत. आहेत ती रोम शहरातली स्थळं. क्विरिनालेचं डायोस्कुरी कारंजं, कॅपिटोलचा मनोरा, कॅराकॅलाची स्नानगृहं, कॉन्स्टंटाइनची कमान आणि मॅक्सेन्शियसची बॅसिलिका. वरवर पाहता ही पर्यटनाची जाहिरात वाटते. पण पुढच्या वर्षी प्रत्यक्ष खेळ इथेच झाले. तिसऱ्या शतकातल्या स्नानगृहांच्या अवशेषांत जिम्नॅस्टिक्स झालं, बॅसिलिकेच्या प्रचंड कमानींखाली कुस्त्या. मॅरेथॉन सुटली कॅपिटोलच्या टेकडीवरून आणि संपली कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी.

10 सप्टेंबर 1960 च्या रात्री मशालींच्या उजेडात त्या कमानीकडे सगळ्यात पुढे धावत आला तो इथिओपियाचा अबेबे बिकिला, अनवाणी. 2 तास 15 मिनिटं 16.2 सेकंद ही त्याची वेळ तेव्हा जगात सर्वोत्तम ठरली. त्याच्या वाटेवर अक्सूमचा स्तंभ होता. मुसोलिनीच्या सैन्यानं 1935-36 मध्ये इथिओपिया जिंकला आणि तिथून हा स्तंभ उचलून रोममध्ये आणून उभा केला होता. तो परत गेला 2005 मध्ये. आणि ही कमानसुद्धा विजयाचीच: इ.स. 315 मध्ये ती कॉन्स्टंटाइनला अर्पण झाली, पण तिच्यावरची कित्येक शिल्पं ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियसच्या जुन्या स्मारकांवरून काढून लावलेली आहेत. तिकीट छापणाऱ्यांनी साम्राज्याचं वैभव दाखवायला ही कमान निवडली असेल. वर्षभरात तिच्याशी जोडलं गेलं ते त्या साम्राज्यस्वप्नाचे घाव सोसलेल्या देशाच्या धावपटूचं नाव. 60 लिराचं ते तिकीट पाहताना ही गोष्ट मला विसरता येत नाही.

म्हणूनच, कोणती वास्तू आहे याच्या जोडीला ते तिकीट कुणी छापलं हेही बघावं. ट्युनिशियावर फ्रान्सचा अंमल असताना 1906 च्या मालिकेत हेड्रियनच्या जलवाहिनीचे अवशेष आले. फ्रेंच अमलाखालच्या लेबनॉनमध्ये 1925 मध्ये बालबेक आलं, सीरियात पाल्मिरा. ट्रान्सजॉर्डनच्या 1933 च्या मालिकेत जेराशचे रोमन अवशेष, आणि सायप्रसच्या 1934 च्या मालिकेत सालामिसचे खांब. या दोन्ही ठिकाणी सत्ता ब्रिटिशांची. आपण रोमचे वारस, आणि इथे पूर्वीही बाहेरच्या साम्राज्यानं राज्य केलं, हे युरोपीय सत्तांना अशा चित्रांतून सहज सांगता येत होतं. पण हे देश स्वतंत्र झाले तेव्हा त्यांनी हे अवशेष तिकिटांवरून काढून टाकले नाहीत. बालबेकच्या ज्युपिटर मंदिराचे उरलेले सहा खांब लेबनॉननं पुढेही पुन्हा पुन्हा छापले. ते आता त्यांचे होते.

आपणही तेच केलं. 15 ऑगस्ट 1949 ला स्वतंत्र भारतानं 16 तिकिटांची पुरातत्त्व मालिका काढली. त्यात अजिंठा होता, घारापुरीची त्रिमूर्ती होती, सांची होती आणि ताजमहालही. ती छापली गेली आपल्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात.

पाल्मिराची तिकिटं आज पाहताना जीव कळवळतो. ऑगस्ट 2015 मध्ये तिथलं बेलचं मंदिर सुरुंगानं उडवलं गेलं, ऑक्टोबरमध्ये विजयकमान. त्या शहराच्या अवशेषांची आयुष्यभर निगा राखणारे पुरातत्त्वज्ञ खालिद अल-असाद यांचीही त्याच ऑगस्टमध्ये हत्या झाली. 1925 चा एक छोटा कागद आता साक्षीदाराचं काम करतो.

हा विषय गोळा करायचा असेल तर सुरुवात इटलीच्या 1959 च्या पाच तिकिटांनी करा. ती भरपूर छापली गेली, त्यामुळे सहज मिळतात. सोबत आपली 1949 ची कमी किमतीची तिकिटं लावा. एक चांगलं भिंग घ्या आणि तिकिटाला गोंद किंवा चिकटपट्टी कधीही लावू नका. पाँ दु गारचं कोरं तिकीट महाग आहे, पण वापरलेलं, शिक्का मारलेलं तिकीट कोरीवकाम पाहायला पुरेसं असतं. 1896 च्या ग्रीक मालिकेतल्या मोठ्या किमतीच्या तिकिटांच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्यांच्या नकला आणि खोटे शिक्के बाजारात आहेत. 10 द्राख्माचं तिकीट कुणी स्वस्तात देऊ केलं आणि त्यासोबत तज्ज्ञाचं प्रमाणपत्र नसेल, तर ते घेऊ नका.