गटाराचे झाकण आणि टाचेचे हाड

वाचकहो, या सदरात एरवी आपण ताप, खोकला, रक्तदाब यांविषयी बोलतो. आज चोरीविषयी लिहायचे आहे. चोरी ही पोलिसांची बाब, तिचा आरोग्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मुंबईला शीव येथे मामांकडे गेलो होतो. मुंबई बेट आणि साष्टी यांची हद्द म्हणून ही शीव. आजूबाजूचा भाग सखल. मोठी सर आली की किंग्ज सर्कल, गांधी मार्केटच्या बाजूला पाणी भरलेच म्हणून समजा. त्या रात्री पाऊस थांबून पाणी ओसरले होते, पण गल्लीतले दिवे गेलेले. पहाटे चाळीतले एक शिंपीकाका दूध आणायला निघाले. वय साठीच्या पुढे. पुढच्याच क्षणी त्यांची हाक आली, ती जमिनीखालून! रस्त्यातल्या गटाराचे बिडाचे झाकण रात्रीत कोणीतरी काढून नेले होते आणि काका सात-आठ फूट खाली पडले होते.

चाळ जागी झाली. एक तरणा मुलगा चपला काढून आत उतरायलाच निघाला. मी त्याचा दंड धरला.

“सोडा हो डॉक्टर, काका मरतील!”

“तू उतरलास तर दोघे मराल. आधी अग्निशमन दलाला फोन कर,” मी म्हटले.

भोकाशेजारी पालथा पडून मी काकांशी बोलत राहिलो. “काका, हलू नका. मान वळवू नका. नुसते माझ्याशी बोला.” अग्निशमन दलाचे जवान आले, त्यांनी दोर आणि स्ट्रेचर लावून काकांना वर काढले. एक्स-रेमध्ये दोन्ही टाचांची हाडे मोडलेली आणि कमरेचा एक मणका दबलेला निघाला.

काकांचे पोट चालत होते ते पायमशीनवर. पाच महिने त्यांचा पाय मशीनच्या पट्टीवर पडला नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. शिंप्याचे वर्षाचे कमावण्याचे दिवस तेच! ते झाकण भंगारात विकून चोराला फार तर हजार-दीड हजार रुपये मिळाले असतील.

जगभरचा रोग

बीड वितळवून पुन्हा ओतता येते. झाकण एकदा भट्टीत गेले की त्यावरची खूण, नाव, सारे पुसले जाते. म्हणून चोराला ते सोयीचे. भंगाराचा भाव चढला की ही चोरी वाढते. २००४ साली चीनमध्ये पोलादाची मागणी वाढली आणि जगभर भंगार महागले. त्या वर्षी एकट्या बीजिंगमधून वीस हजारांहून अधिक झाकणे गेली, आणि अमेरिकेतल्या शिकागो शहरातून महिन्याभरात शंभराहून अधिक. अलीकडे अमेरिकेतच लॉस एंजेलिसच्या परिसरात रस्त्याकडेचे आगीच्या पाण्याचे नळ शेकड्याने उपटून नेले गेले. दक्षिण आफ्रिकेत तांब्यासाठी रेल्वे सिग्नलच्या केबल कापतात. म्हणजे हा नुसत्या गरीब देशांचा रोग नव्हे.

मुंबईत मॅनहोलची संख्या लाखाच्या घरात आहे. २०२२ या एका वर्षात तेथून आठशेहून अधिक झाकणे चोरीला गेल्याची नोंद झाली. उच्च न्यायालयानेही उघड्या मॅनहोलचा प्रश्न लावून धरला. आता झाकणाखाली लोखंडी जाळी बसवणे आणि ज्याला भंगारात भाव नाही अशा पदार्थाची झाकणे वापरणे, हे उपाय होत आहेत. उपाय चांगले आहेत, पण लाखभर भोके एका दिवसात सुरक्षित होत नाहीत.

आणि हे मुंबईपुरतेच आहे असे समजू नका. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी बर्गे चोरीला जातात, हे आपल्या शेतकरी वाचकांना मी सांगायला नको. पुलाच्या कठड्याचे नळ, आग विझवण्याच्या पाइपाचे पितळी तोंड, वळणावरचा लोखंडी फलक, यांतले काय जागेवर आहे आणि काय नाही, ते आपल्या गावात एकदा फिरून पाहा.

पडल्यावर शरीराचे काय होते?

माणूस उभ्याने खाली गेला की सारा भार आधी टाचांवर येतो. तेथून धक्का नडगी, खुबा आणि कमरेच्या मणक्यांपर्यंत चढतो. म्हणून टाच मोडलेल्या रुग्णाची कंबर तपासायलाच हवी. जाता जाता काठ लागून बरगड्या, हनुवटी आणि डोके यांनाही मार बसतो. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर तो अंथरुणाला खिळतो, आणि मग न्यूमोनिया व पाठीच्या जखमा मागे लागतात.

दुसरा धोका घाणीचा. गटाराचे पाणी जखमेत गेले की जखम चिघळते, धनुर्वाताची भीती असते. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग मुंबईला पावसाळ्यात नवा नाही. तेव्हा जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी डॉक्टरांना विचारावे. लेप्टो टाळण्याची गोळी लवकर, शक्यतो तीन दिवसांच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. नंतर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर गटारात पडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तिसरा धोका सर्वांत मोठा आणि न दिसणारा. बंद गटारात विषारी वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो फार वाढला की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजू नये. आत प्राणवायूही कमी असतो. एकाला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, आणि सारेच जातात. म्हणून मी त्या मुलाचा दंड धरला होता.

आपण काय करावे?

कोणी पडले तर उतरू नका. काडी ओढू नका, विडी पेटवू नका, आतल्या वायूचा भडका उडतो. ११२ किंवा १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा, १०८ वर रुग्णवाहिका मागवा. आतला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला बोलते ठेवा.

नुसते भोक दिसले तर तेथे झाडाची फांदी किंवा बांबू उभा करा, लाल कापड बांधा, आणि लगेच नगरपालिकेला कळवा. मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

तुंबलेले पाणी जावे म्हणून स्वतः झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पाण्याखाली गेली, तेव्हा पोटाच्या विकारांचे नामवंत तज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून पाण्यातून घराकडे चालत निघाले. एल्फिन्स्टन रोडच्या परिसरात ते उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ते झाकण चोरीला गेले नव्हते, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून उघडले होते. चोराने काढले काय किंवा आपण काढले काय, भोक तेच. पाण्यातून जावेच लागले तर काठीने पुढची जमीन चाचपत, भिंतीच्या कडेने चाला.

दुर्दैवाने असा प्रसंग घडलाच तर कागद जपून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये, आणि इजा झाल्यास तिच्या गांभीर्यानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला आहे. केसपेपर, एक-रे आणि पोलिसांकडची नोंद त्यासाठी हाताशी हवी.

शेवटचा शब्द भंगाराचा धंदा करणाऱ्या बांधवांना. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे. पण कायदा बाजूला ठेवा. झाकण कोणाच्या घरात तयार होत नाही. ते तुमच्या काट्यावर आले, म्हणजे कोठेतरी रस्त्यात एक भोक उघडे पडले आहे आणि पहाटे कोणीतरी दूध आणायला निघणार आहे. ते झाकण परत पाठवा. काकांची टाच भरून आली, पण पायमशीन त्यांनी पुढच्या वर्षी विकले.