पडद्यावरचा पाठ आणि खलातला हात

कोरड्या खलात चार भाग एरंडेल आणि एक भाग बाभळीचा डिंक घोटून घ्यावा, त्यात दोन भाग पाणी एकदम ओतावे आणि बत्ता एकाच दिशेने, क्षणभरही न थांबता, झपाझप फिरवीत राहावा. थोड्याच वेळात मिश्रण साईसारखे पांढरे व दाट होते आणि बत्त्याखालून चटचट असा बारीक आवाज येऊ लागतो. हा आवाज आला म्हणजे प्राथमिक इमल्शन साधले असे समजायचे आणि मगच उरलेले पाणी हळूहळू मिळवायचे. जो त्याआधी घाई करील, किंवा ज्याचा खल आधीच ओला राहिला असेल, त्याचे इमल्शन फुटते आणि तेल वेगळे होऊन वर तरंगते. हा आवाज चित्रफितीत ऐकू येतो, हे खरे. परंतु मनगटाला त्याची ओळख खलाशी उभे राहिल्यावाचून होत नाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदीचा अंमल सुरू झाला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय काय किंवा रौजाबागेतील वाय. बी. चव्हाण औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय काय, सर्वत्र प्रयोगशाळा ओस पडल्या आणि सिल्लोड, कन्नड, पैठण अशा तालुक्यांतील आपापल्या गावी परतलेल्या विद्यार्थ्यांपुढे मोबाइलचा वीतभर पडदा हाच वर्ग होऊन बसला. तो काळ सरला. पण शिक्षणाची ती वाट उघडी राहिली, आणि तिचा उपयोग कोठवर करावा हा प्रश्न औषधांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला इतर अनेक शहरांहून अधिक जिव्हाळ्याचा आहे.

कायद्याने एक सीमा आखून दिलेली आहेच. १९४८ च्या फार्मसी कायद्यान्वये या शिक्षणाचे नियमन भारतीय फार्मसी परिषदेकडे आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ किंवा संपूर्ण ऑनलाइन पद्धतीने ज्या पदव्या देण्यास मनाई केली, त्यांत वैद्यक व परिचर्या यांच्याबरोबर औषधनिर्माणशास्त्रही आहे. परिषदेच्या २०१४ च्या बी. फार्मसी नियमावलीत ८० टक्के हजेरीची अट तात्त्विक तासांना आणि प्रात्यक्षिकांना वेगवेगळी लावलेली आहे. म्हणजे व्याख्यानांची हजेरी कितीही भरघोस असली, तरी प्रात्यक्षिकांची तूट तिने भरून निघत नाही. याच नियमावलीची एक गोष्ट मात्र मनाला खटकते: व्याख्यानाच्या साप्ताहिक तासाला एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला अर्धाच! ज्या विद्येत हाताची चूक रुग्णाच्या शरीरात उतरते, तिच्या हिशेबात हाताच्या तासाचे मोल निम्मे का धरावे?

तरीही पडद्याला सरसकट कमी लेखणे अन्यायाचे होईल. औषधांचे परिणाम अभ्यासण्यासाठी पूर्वी बेडूक, उंदीर, ससे यांचा प्रयोगशाळेत सर्रास बळी जाई. टाळेबंदीच्या आधीच, परिषदेच्या अभ्यासक्रमाने हे प्राणिप्रयोग संगणकीय प्रतिकृती व चित्रफिती यांच्या साहाय्याने दाखविण्याची तजवीज केली होती. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत तयार झालेल्या ‘एक्सफार्म’सारख्या प्रणालीत विद्यार्थी माउसच्या एका टिचकीसरशी औषधाची मात्रा वाढवितो आणि बेडकाच्या हृदयाचे ठोके बदलताना पाहतो, तेही हवे तितक्या वेळा, कोणताही जीव न दुखविता. येथे पडदा प्रत्यक्ष प्रयोगाहून उजवा ठरतो, हे मी निःशंकपणे म्हणेन.

सेंद्रिय रसायनातील अभिक्रियेची यंत्रणा रात्री तीनदा थांबवून, मागे नेऊन पाहण्याची सोय फळ्यावर नाही. इंग्रजीतील व्याख्यानाने बुजलेल्या खेड्यातील मुलाला तर तिचे महत्त्व फारच मोठे. परंतु टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलिनची ती फिकट गुलाबी छटा कोणत्या थेंबाला टिकते आणि कोणत्या थेंबाने रंग गडद होऊन प्रयोग वाया जातो, हे ब्युरेटच्या तोटीवर ठेवलेल्या बोटांनाच उमगते.

या शहरात कारखाना ही तिसरी शाळाही हाकेच्या अंतरावर आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि पलीकडे पैठण या पट्ट्यात वोक्हार्ट, ल्युपिन, अजंता फार्मा यांसारख्यांची उत्पादनकेंद्रे आहेत, आणि सहाव्या सत्रानंतर प्रत्येक विद्यार्थ्यास १५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. गोळ्यांचा ठिसूळपणा तपासणारे पिंप मिनिटाला २५ फेऱ्या घेत चार मिनिटे फिरते आणि त्यात गोळ्यांचे वजन सामान्यतः एक टक्क्याहून अधिक घटता कामा नये, हे आदल्या रात्री पडद्यावर पाहून ठेवलेला मुलगा कारखान्यात पिंपाचे नाव विचारीत बसणार नाही. त्याचा प्रश्न गोळी का झिजली, हा असेल.

ऑनलाइन शिक्षणाची खरी किंमत मला येथे दिसते. कृती, प्रमाणे आणि सूत्रे घरी पाहून झाली, तर प्रयोगशाळेच्या चार तासांतील पहिला तास फळ्यावरची कृती उतरवून घेण्यात जाणार नाही. विद्यार्थी आल्याबरोबर खल कोरडा पुसून कामाला लागेल, आणि पहिले इमल्शन फुटलेच, तर ते टाकून दुसरे करावयास त्याच दिवशी वेळ उरेल.