केशारोपणाची दुहेरी रीत

केस गळू लागले म्हणजे तरुण मनुष्याच्या जिवास किती घोर लागतो, हे ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांस उमगत नाही. घरची माणसे थट्टा करतात, वधूपक्षाची मंडळी छायाचित्र पुनःपुन्हा निरखून पाहतात, आणि तेलांवर व लेपांवर पैसा जाऊ लागतो. अलीकडे त्यांत केशारोपणाच्या जाहिरातींची भर पडली आहे. ‘दोन्ही पद्धती एकत्र’ असे आश्वासन त्यांत दिसते. त्याचा अर्थ आम्ही आमच्या वाचकांस सांगू इच्छितो.

केशारोपणाने नवा केस निर्माण होत नाही. असलेला केस जागा बदलतो, इतकेच. आनुवंशिक टक्कल पुरुषांस कपाळाकडून व माथ्यावर पडते. डोक्याच्या मागील बाजूचे केस बहुधा टिकतात. हे मागचे केस पुढे नेऊन लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीत, असे न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. जपानात डॉ. शोजी ओकुदा यांनी १९३९ सालीच असे प्रयोग प्रसिद्ध केले होते. परंतु महायुद्धाच्या धामधुमीत पश्चिमेस त्यांची वार्ताही लागली नाही. ओरेंट्राइख यांची कलमे सुमारे चार मिलिमीटर रुंद असत. ती रुजली म्हणजे बाहुलीच्या डोक्यावरील झुबक्यांसारखी दिसत!

वस्तुतः केस एक ते चारांच्या पुंजक्यांनी उगवतात. हे पुंजके जसेच्या तसे लावावयाचे, हे पुढे ठरले; ते काढण्याच्या रीती मात्र दोन झाल्या. पहिलीत डोक्यामागील त्वचेची एक लांब पट्टी कापून घेतात, जखम शिवतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीतून पुंजके वेगळे करतात. ह्या रीतीस ‘एफयूटी’ म्हणतात. मुळांची हानी कमी होते, पण रेघेसारखा व्रण राहतो. दुसरी ‘एफयूई’. डॉ. रॅसमन व डॉ. बर्नस्टाइन यांनी तिचे वर्णन २००२ साली प्रसिद्ध केले. तीत सुमारे एक मिलिमीटरच्या पोकळ नळीने एकेक पुंजका उपटतात. लांब व्रण नाही, बारीक ठिपके राहतात. पण मूळ त्वचेखाली दिसत नसल्याने काही मुळे तुटतात, आणि फार काढले तर मागची बाजू विरळ होते.

दोहोंचा संयोग करणारे शल्यवैद्य मधून अरुंद पट्टी घेतात व तिच्या वरखालून एकेक पुंजका काढतात. एका बैठकीत कलमे अधिक मिळतात. पट्टी रुंद घ्यावी लागत नसल्याने शिवणीवर ताण कमी पडतो. जुना व्रण असल्यास त्यातही पुंजके लावून तो झाकता येतो. ब्राझीलचे डॉ. मार्सिओ क्रिसोस्टोमो यांनी तर पुढील शस्त्रक्रियेसाठी काही भाग मुद्दाम अस्पर्श ठेवण्याची रीत सुचविली आहे. ही दूरदृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

कारण साठा एकच आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात खरे. परंतु मागून जन्मभरात काढता येण्यासारखे पुंजके काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत. दोन दारांनी धान्य काढले म्हणून कणगी मोठी होत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने सारा साठा कपाळावर खर्च केला आणि माथ्याचे केस पुढेही गळत राहिले, तर समोर केसांची कड व मागे उघडे माळरान, अशी विचित्र दशा होते. म्हणून उरलेले केस टिकविण्यासाठी मिनॉक्सिडिल वा फिनास्टेराइड घ्यावे की नाही, हे वैद्यास आधी विचारावे.

आपल्या देशात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली बजावले आहे की, कार्यशाळेस बसून किंवा यूट्यूबवर पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. तेव्हा हत्यार कोणाच्या हाती असणार, पुंजके किती काढणार व मागे किती उरणार, हे मुलाच्या वडिलांनी निःसंकोच विचारावे. कलमांचे केस दोनचार आठवड्यांत गळून पडतात, तेव्हा घाबरू नये. तिसऱ्याचौथ्या महिन्यापासून नवे उगवू लागतात, आणि पूर्ण फळ दिसावयास सुमारे एक वर्ष लागते.