चिकटद्रव्याचा थेंब आणि पापणीचा केस

लाकडाचे सांधे सरसाने जोडताना कुशल सुतार जादा सरस दाबून बाहेर काढतो. कारण जाड थर म्हणजे मजबूत सांधा नव्हे. पापण्यांना कृत्रिम केस जोडण्याच्या कलेसही हाच नियम लागू पडतो. मात्र येथे चूक झाल्यास इजा पोचते ती डोळ्यास.

या कामी सायनोअ‍ॅक्रिलेट वर्गातील द्रव्य वापरतात. १९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर व त्यांचे सहकारी बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असता हे द्रव्य हाती आले. परंतु ते जेथे तेथे चिकटू लागल्याने बाजूस सारले गेले. १९५१ साली त्याचा हाच अवगुण उपयुक्त ठरला आणि १९५८ साली ते बाजारात आले.

हे द्रव्य डिंकाप्रमाणे वाळून घट्ट होत नाही. पृष्ठभागावरील व हवेतील सूक्ष्म ओलाव्याचा स्पर्श होताच त्याचे रेणू साखळीसारखे एकमेकांत गुंफले जातात. या क्रियेस बहुवारिकीकरण म्हणतात. म्हणूनच दमट हवेत ती जलद होते, कोरड्या हवेत सावकाश. पातळ थरास ओलावा सर्वत्र पोचतो. जाड थेंबावर मात्र कवच धरते आणि आतील भाग बराच काळ ओला राहतो. तोवर त्याची वाफ डोळ्यांस झोंबते व शेजारचे केस त्यात गुंततात.

पापणीचा प्रत्येक केस वाढ, संक्रमण व विश्रांती या अवस्थांतून जातो. शेजारचे दोन केस एकाच अवस्थेत असतील असे नाही. ते परस्परांस चिकटले, तर वाढणारा केस दुसऱ्यास मुळापासून ओढू लागतो आणि तो अकाली गळतो. उलट, द्रव्य फारच कमी पडले तर कृत्रिम केस अर्धवट सुटून त्याचे टोक डोळ्यास टोचू शकते.

मग योग्य प्रमाण कोणते? कृत्रिम केसाचे बूड द्रव्यात बुडवून सावकाश बाहेर काढावे. त्यावर मणी लोंबता कामा नये. सभोवार पातळ लेप तेवढा दिसावा. एका नैसर्गिक केसास एकच केस, त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर अंतर राखून जोडावा. शेवटी चिमट्याने केस अलग आहेत की नाहीत, हे पाहावे.

द्रव्य डोळ्यात गेल्यास चोळू नये, पापण्या बळाने उघडू नयेत. भरपूर कोमट पाण्याने धुऊन तत्काळ नेत्रवैद्यांकडे जावे.