वीज आली, वायफाय आलं, प्रिंटर मात्र 'ऑफलाइन'

माकुणसारकर मंडळी, पावसाळ्यात वीज जाऊन आली की वायफाय प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो ना? सातबारा छापायला पालघर गाठण्याआधी हे वाचा. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतोच.

राउटर पुन्हा सुरू झाला की प्रिंटरला कधीकधी वेगळाच आयपी पत्ता देतो, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर फाइल धाडत बसतो. म्हणून आधी प्रिंटरवरून नेटवर्क रिपोर्ट छापा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही; राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मगच प्रिंटर बंद करून लावा. पत्ता ठीक असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये तोच प्रिंटरसाठी राखून ठेवा (डीएचसीपी रिझर्व्हेशन) आणि विंडोजमध्ये त्याच पत्त्याने प्रिंटर नव्याने जोडा. माझा लाडका उपाय! दर वेळची कटकट जाते.

नवा राउटर बसवलाय? बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ वालं वायफाय त्यांना दिसतच नाही. दोन्हींना एकच नाव असेल तर जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा.

आणि हो, मोबाईल 'गेस्ट' वायफायवर असेल तर प्रिंटर सहसा सापडत नाही. व्हीपीएनही बंद करून बघा.